ठेकेदार गायब, फरशीवाला दारात: पैसे कुणी द्यायचे?

तुमचा प्रश्न वाचून आधी आकडे कागदावर मांडले, कारण अशा भांडणात रागापेक्षा आकडे लवकर बोलतात. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १,८५० चौरस फुटांचा बंगला. ठेकेदाराशी मटेरियलसह २,००० रुपये फुटाने लेखी करार, म्हणजे ३७ लाख. त्यातले ३३ लाख ५० हजार तुम्ही बँकेतून दिलेत. दीड महिन्यापासून त्याचा फोन बंद. दारात चौघे: सेंट्रिंगवाला १,४०,०००, फरशीवाला मिस्त्री ८६,०००, प्लंबर ३८,००० आणि सिमेंट-सळईचा दुकानदार ४,१२,०००. बेरीज ६,७६,०००. दुकानदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे, 'पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास मिळकतीवर बोजा चढवू' अशी. वास्तुशांतीचा मुहूर्त काढलेला आहे, म्हणूनच सगळे एकदम आले. कॅलिफोर्नियातल्या मावसभावाने एक इंग्रजी लेख पाठवून 'उपठेकेदार तुझं घर लिलावात काढू शकतो' असं सांगितल्यावर तुमची झोप उडाली. आणि शेवटच्या ओळीत, सहज म्हणून, लिहिलंय की तुमचे वडील, अण्णा, त्या लोकांना 'मी बघतो', 'मी आहे ना' असं काहीतरी म्हणाले.

त्या शेवटच्या ओळीसाठीच हे उत्तर लांबणार आहे. बाकीचं त्या मानाने सोपं आहे.

आधी मूळ गोष्ट. फरशीवाल्याला कामावर कुणी बोलावलं? ठेकेदाराने. दर कुणी ठरवला? ठेकेदाराने. आधीची उचल कुणी दिली? ठेकेदाराने. मग त्याचा करार ठेकेदाराशी, आणि पैसे मागायचे तेही त्याच्याकडेच. तुमचा करार वेगळा, त्याचा वेगळा. दोन्हींच्या मध्ये उभा असलेला माणूस पळाला म्हणून ते दोन करार एकमेकांना जोडले जात नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी पुन्हापुन्हा मान्य केलंय. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इरकॉन इंटरनॅशनलच्या प्रकरणात हेच सांगितलं: मूळ करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मालक-ठेकेदार हे नातं आणि ठेकेदार-उपठेकेदार हे नातं स्वतंत्र आहे, आणि उपठेकेदाराला उत्तर द्यायचं ते ठेकेदाराने. तिथे प्रकरण मोठ्या कामाचं होतं, पण तत्त्व तुमच्या बंगल्यालाही तेच.

मटेरियलसह करार आहे हे तुमचं नशीब. निव्वळ मजुरी ठेका असता तर सिमेंट-सळई तुम्हीच घेतली असती आणि दुकानदाराचं देणं सरळ तुमचं असतं, मग एवढं लिहायची वेळच आली नसती.

आता मावसभावाचा लेख. तो खोटा नाही, पण तिकडचा आहे. अमेरिकेत 'मेकॅनिक्स लीन' नावाचा हक्क आहे: ज्याच्या कष्टाने किंवा मालाने इमारत उभी राहिली त्याचा थकलेला पैसा त्या इमारतीवरच बोजा म्हणून चढतो. पहिला असा कायदा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये केला, नवी राजधानी वॉशिंग्टन भराभर उभी राहावी म्हणून. कारागिरांना भरवसा दिल्याशिवाय ते येत नव्हते. कॅलिफोर्नियात तर हा हक्क राज्यघटनेतच आहे. तिथे उपठेकेदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकाला प्राथमिक नोटीस द्यायची, काम संपल्यावर ९० दिवसांत लीन नोंदवायचा (मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद केली असेल तर उपठेकेदाराला ३० च दिवस), आणि लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत दावा लावायचा, नाहीतर लीन संपला. मालकाने ठेकेदाराला पै न पै चुकती केली असली तरी हा हक्क राहतो, म्हणून तिथे एकाच स्वयंपाकघराचे पैसे दोनदा द्यायची वेळ येऊ शकते. भावाला सांगा, त्याने स्वतःच्या घरात काम काढलं तर प्रत्येक हप्त्याला ठेकेदाराकडून आणि उपठेकेदारांकडूनही हक्क सोडल्याचा फॉर्म सही करून घ्यावा. तुम्हाला त्या लेखाचा उपयोग एवढाच.

आपल्याकडे असा हक्क नाही. करार कायद्यात धारणाधिकार आहे, पण तो हातात असलेल्या वस्तूवर. सुताराच्या वर्कशॉपमध्ये तुमचे दरवाजे पॉलिशला पडलेत आणि पॉलिशची मजुरी मिळाली नाही, तर तो दरवाजे अडवून ठेवू शकतो. माल विक्री कायद्यात न मिळालेल्या पैशासाठी विक्रेता माल रोखू शकतो, पण माल त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. सिमेंट तुमच्या स्लॅबमध्ये गेलं, सळई कॉलममध्ये गेली, की तो हक्क संपला. मिस्त्री पहार घेऊन येऊन 'माझी फरशी उखडून नेतो' म्हणाला, तर ती आता फरशी नाही, ते तुमचं घर आहे. उखडली तर चोरी आणि नुकसानीची तक्रार त्याच्यावर होईल. हे त्याला शांतपणे सांगा, शक्यतो चहा देऊन.

उलट बाजूही लक्षात असू द्या. तुमच्या अंगणात पडलेल्या सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक आणि बल्ल्या त्या सेंट्रिंगवाल्याच्या आहेत. 'ठेकेदार येईपर्यंत काही हलवायचं नाही' असं म्हणून कुलूप लावलंत तर दोषी तुम्ही. त्याचा रोजचा धंदा त्या प्लेटांवर चालतो. यादी करा, फोटो काढा, 'सामान मिळालं' अशी सही घ्या आणि जाऊ द्या. माझ्या अनुभवात निम्मं भांडण या प्लेटा सोडल्या की थंड होतं.

'बोजा चढवू' हा शब्द नोटिशीत हटकून असतो, कारण सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्याची धास्ती आपल्या हाडात आहे. दुकानदाराच्या उधारीचा बोजा तलाठी नुसत्या अर्जावर चढवत नाही. बँकेचं गहाणखत, सरकारी देणं किंवा न्यायालयाचा आदेश असं काहीतरी लागतं. दुकानदाराला तुमच्या घरापर्यंत पोचायचं असेल तर आधी तुमच्याविरुद्ध दावा, मग तुमच्याविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाल, मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. ठेकेदाराविरुद्धच्या हुकूमनाम्याने तुमच्या घराची वीटही हलत नाही.

मग मी निर्धास्त का नाही? अण्णांमुळे.

करार कायद्याचं कलम १२६ सांगतं की हमी तोंडी असो वा लेखी, दोन्ही चालतात. पुष्कळ लोकांना, काही वकिलांनाही, वाटतं की लिहून दिलं नाही तर काही नाही. तसं नाही. 'त्याने नाही दिले तर मी देतो' हे वाक्य चार माणसांसमोर म्हटलं की म्हणणारा हमीदार व्हायच्या वाटेवर निघाला. पण त्या वाटेवर एक गेट आहे, कलम १२७: हमीला मोबदला लागतो. आणि कायद्यानेच याची उदाहरणं दिलीत, जी तुमच्या अंगणातली वाटावीत. एकाने दुसऱ्याला माल विकला आणि पोचवला. नंतर तिसरा आला आणि कशाच्याही बदल्यात नाही, नुसतंच म्हणाला, 'त्याने नाही दिले तर मी देईन'. तो करार रद्दबातल. पण त्याच तिसऱ्याने म्हटलं, 'वर्षभर दावा लावू नका, त्याने नाही दिले तर मी देईन', आणि विक्रेता त्याप्रमाणे थांबला, तर थांबणं हाच मोबदला, आणि हमी पक्की.

म्हणून अण्णा नेमकं काय म्हणाले ते शब्दशः आठवायला लावा. कुणाला म्हणाले, कधी, कोण उभं होतं, आणि त्यानंतर समोरच्याने काय केलं. तुमच्या लिहिण्यावरून मला असं दिसतं: दुकानदाराचा सगळा माल आधीच गेलेला होता आणि त्याने अण्णांच्या शब्दावर काही सोडलं नाही, उलट नोटीस पाठवली. त्याची बाजू लंगडी. फरशीवाल्याचं तसं नाही. तुम्ही लिहिता की खालचा मजला झाल्यावर त्याने काम बंद केलं होतं, अण्णा म्हणाले 'काम थांबवू नका, मी आहे ना', आणि मग त्याने वरच्या दोन खोल्या केल्या. इथे त्याने शब्दावर विसंबून घाम गाळलाय. वरच्या खोल्यांचे पैसे तो मागणार आणि माझ्या मते त्याला ते मिळायला हवेत, कायद्यानेही. खालच्या मजल्याच्या थकबाकीसाठीसुद्धा तो हाच शब्द पुढे करेल, कारण हमीच्या बदल्यात काम चालू ठेवलं हा मोबदला त्याच्याकडे आहे. तिथे वाद होईल आणि निकाल 'मी आहे ना' या तीन शब्दांचा साक्षीदार कसा अर्थ सांगतात यावर जाईल.

आणखी एक बारकावा. ठेकेदाराशी करार तुमच्या नावाचा, जमीन तुमच्या नावाची. अण्णांनी दिलेला शब्द अण्णांना बांधतो. तुम्ही त्यांना तसं बोलायला सांगितलं नसेल तर तुम्हाला नाही. पण म्हातारपणी पेन्शनवर जगणाऱ्या वडिलांवर दावा आणून तुम्ही बाजूला राहणार आहात का? म्हणून कायद्याचा हा बचाव मी सांगतो, पण त्यावर फार विसंबत नाही.

अण्णांइतकाच धोका तुमच्या 'बंगला काम' या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आहे. त्यात ठेकेदार, मिस्त्री, प्लंबर सगळे आहेत असं दिसतं. तिथे तुम्ही कुठे 'ओके, देऊन टाकू' लिहिलंय का, दुकानदाराच्या बिलाच्या फोटोवर अंगठा दाखवलाय का, हे आज रात्री वर जाऊन बघा. काहीही पुसू नका. पुसलेलं समोरच्याच्या फोनमध्ये असतंच आणि मग तुमच्याकडचा रिकामा रकाना उलट बोलतो. असे संदेश भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह न्यायालयात येतात. आजपासून ग्रुपवर पैशांबद्दल एक अक्षर नाही.

आता दुकानदार. बाकी तिघांचे दावे मिळून २,६४,००० आणि याचा एकट्याचा ४,१२,०००, म्हणून तो सगळ्यात जोरात आहे. त्याच्या नोटिशीला उत्तर देण्याआधी मला एकच गोष्ट बघायची आहे: बिलं कुणाच्या नावाची? बरेच घरमालक स्वतःच ठेकेदाराला सांगतात, 'बिलं माझ्या नावाने घे, इन्कम टॅक्सला दाखवायची आहेत'. जुना प्लॉट विकून घर बांधणारे तर हमखास. कराच्या दृष्टीने मटेरियलसह कामात ठेकेदाराचं बिल आणि तुमच्या बँकेचा उतारा याने काम भागतं, दुकानाच्या बिलांची गरज नसते. पण लोक घेतात. मग दुकानदाराच्या खातेवहीत ग्राहक म्हणून तुमचं नाव, आणि ठेकेदार नुसता माल उचलून नेणारा तुमचा माणूस. करार कायद्याचं कलम २३७ सांगतं की मालकाच्या वागण्यावरून प्रतिनिधीला अधिकार आहे असं तिसऱ्याला वाटलं असेल, तर मालक बांधला जातो. ठेकेदाराला तुम्ही प्रतिनिधी नेमलं नव्हतं हे खरं, पण वागण्यात तसं दाखवलं का, हा प्रश्न येतो.

वकिली सुरू करून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा कोरेगावकडच्या एका शिक्षकांचं प्रकरण माझ्याकडे होतं. हेच सगळं: ठेकेदार गेला, दुकानदाराचा दावा. मास्तर ठामपणे म्हणायचे, 'माझा त्या दुकानाशी काडीचा संबंध नाही.' उलटतपासणीत दुकानदाराच्या वकिलांनी एक पिवळं चलन बुक काढलं. प्रत्येक गाडीच्या चलनावर मास्तरांची सुवाच्य सही, खाली तारीख, आणि एका चलनावर त्यांच्याच अक्षरात 'दोन गोणी ओल्या, बदलून द्याव्यात'. मास्तर घरी असायचे, गाडी यायची, ड्रायव्हर सही मागायचा, ते द्यायचे. माल मिळाल्याची सही म्हणजे पैसे द्यायची कबुली नव्हे, हे आम्ही मांडलं, आणि ते बरोबरही होतं. पण बिलंही त्यांच्याच नावाची होती, आणि गोणी बदलून मागणारा माणूस ग्राहक नाही तर कोण, या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. शेवटी तडजोड केली. मास्तरांनी निम्म्याहून जास्त रक्कम भरली, आणि माझ्या फीबद्दलही त्यांचा चेहरा बरंच काही बोलला.

तुम्ही सांगितलेलं परस्पर वाढीव काम आहे का, तेही आठवा. 'आलायस तसा गच्चीवरही घाल फरशी', 'बाहेर एक नळ काढून दे', असं ठेकेदाराला न विचारता थेट मिस्त्रीला सांगितलेलं काम करारात नसलं, तरी त्याचे पैसे तुमच्याकडूनच येणार. करार कायद्याचं कलम ७० आहे: कुणी फुकट करायच्या इराद्याने नव्हे असं काम कायदेशीररीत्या केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल अँड सन्स या १९६२ च्या प्रकरणात या कलमाचा अर्थ सविस्तर लावला. हेच कलम पुढे करून सगळेच उपठेकेदार 'घर तर यांचंच झालं ना' असं म्हणतात. ठेकेदाराशी झालेल्या कराराखाली केलेल्या कामाला ते सहसा लागू पडत नाही, कारण ते काम त्याने ठेकेदारासाठी केलं. थेट तुमच्या सांगण्यावरून केलेल्याला पडतं. गच्चीची फरशी मोजून पैसे द्या, भांडू नका.

चेक. कुणालाही सुरक्षा म्हणून, 'ठेकेदार येईपर्यंत ठेवा' म्हणून, तारीख न घालता, कसाही चेक देऊ नका. सही तुमची निघाली की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३९ प्रमाणे तो देण्यापोटी दिला असं न्यायालय धरून चालतं, आणि ते खोडायचा भार तुमच्यावर. चेक परत गेला की ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस, मग महिन्याभरात फौजदारी तक्रार. ज्या पैशाशी तुमचा संबंध नव्हता त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात. हे मी शहाणपणाने सांगत नाही. स्वतःचं घर बांधताना प्लंबरने भिंतीतल्या पाइपांचा नकाशा दाखवायला नकार दिला, 'आधी माझे बावीस हजार', म्हणून मी चिडून चेक फाडून दिला. पुढच्याच आठवड्यात ठेकेदारानेही त्याचे पैसे चुकते केले. चेक वटला. ते बावीस हजार ठेकेदाराच्या शेवटच्या बिलातून वळते करून घेताना मला जो त्रास झाला तो अशिलांना सांगायला लाज वाटते. वकिलाचं घर, काय बोलणार.

आता ते उरलेले साडेतीन लाख. बरेच जण म्हणतात, आपल्याकडे ठेकेदाराचे आहेतच, त्यातून चौघांना वाटून टाकू, मिटलं. घाई करू नका. एक तर ते साडेतीन लाख तुम्ही खरंच देणं लागता का हेच ठरायचं आहे. काम अर्धवट आहे. रंग, गॅलरीची रेलिंग, वायरिंगचा शेवटचा टप्पा हे पुरं करायला साडेतीनपेक्षा जास्त लागलं तर ठेकेदार तुमचा देणेकरी. दुसरं, त्याच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही त्याच्या वतीने कुणाला दिलंत, तर उद्या तो उगवून म्हणू शकतो, 'मी सांगितलं नव्हतं, माझे मला द्या'. सेंट्रिंगवाल्याच्या बिलावर त्याचा स्वतःचाच वाद असू शकतो, आणि तो तुम्हाला माहीत नसतो.

याला दोन सरळ रस्ते आहेत. ठेकेदार सापडला, त्याच्या भावामार्फत का होईना, तर त्याच्याकडून लेखी पत्र घ्या: अमुक माणसाला अमुक रक्कम माझ्या खात्यातून परस्पर द्यावी. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० नुसार तो आपलं येणं लेखी दुसऱ्याच्या नावे करून देऊ शकतो, आणि तशी नोटीस मिळाली की तुम्ही त्या दुसऱ्यालाच द्यायचं. तिसऱ्या माणसाची पूर्ण पावती, ठेकेदाराचं पत्र आणि तुमचा बँक व्यवहार, असे तीन कागद एकत्र टाचले की विषय संपला. दुसरा रस्ता न्यायालयाचा. या चौघांपैकी कुणी ठेकेदारावर दावा लावून हुकूमनामा मिळवला, तर तुमच्याकडे त्याचं जे येणं निघेल ते न्यायालय जप्त करू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१, नियम ४६-अ मध्ये ही सोय आहे. तसा आदेश तुमच्या हातात पडला की ठेकेदाराला पै द्यायची नाही, न्यायालयात भरायची. उपठेकेदाराने तुमच्या पैशापर्यंत पोचायची ही रीतसर वाट, आणि तीही तुम्ही देणं लागत असलेल्या रकमेपुरती. दुकानदाराला हे तुम्हीच सुचवलं तर बिघडत नाही. त्यालाही कळतं की पळालेला माणूस तुम्ही नाही.

ठेकेदाराला आजच नोटीस जायला हवी: काम सोडून गेलास, पंधरा दिवसांत येऊन पुरं कर, अमुक तारखेला अमुक वेळी मोजमापाला हजर राहा, नाहीतर तुझ्या जोखमीवर आणि खर्चाने दुसऱ्याकडून करून घेईन. करारातल्या पत्त्यावर, त्याच्या घरच्या पत्त्यावर आणि व्हॉट्सअॅपवरही. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पाकीट परत आलं तरी न फोडता ठेवा. त्या तारखेला एखाद्या नोंदणीकृत अभियंत्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून घ्या: गिलावा किती, फरशी किती चौरस फूट, कुठे पोकळ वाजते, किती पॉइंट झाले, फोटो तारखेसह. त्याच्यानंतरच नवा माणूस लावा. लोक उलटं करतात. आधी नवा रंगारी, मग वकील. तोपर्यंत भिंतीवर जुनं काम कुठलं आणि नवं कुठलं हे देवालाही सांगता येत नाही.

त्याच फरशीवाल्याकडून उरलेलं काम करून घ्यायचं ठरवलंत, आणि तो चांगला कारागीर असेल तर घ्याच, तर त्याच्याशी चार ओळींचा वेगळा कागद करा. 'आजपासूनच्या कामाचे एवढे, थेट माझ्याकडून; आधीच्या थकबाकीचा माझ्याशी संबंध नाही, ती ठेकेदाराकडून.' त्याची सही, तुमची सही. हा कागद नसेल तर नव्या कामाचा पहिला हप्ता तो जुन्या बाकीत धरणार.

मजुरांचं मी मुद्दाम वेगळं ठेवलंय. सेंट्रिंगवाल्याच्या मागे आठ-दहा मजूर असतात, विजापूरकडचे नाहीतर मराठवाड्यातले, आठवड्याच्या खर्चीवर जगणारे. कंत्राटी कामगारांच्या जुन्या कायद्यात ठेकेदाराने पगार बुडवला की मुख्य मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा अशी तरतूद होती, नव्या कामगार संहितेतही आहे, पण ती आस्थापनांसाठी: कारखाना, कंपनी, धंदा. स्वतःला राहायला घर बांधणारा सहसा त्यात येत नाही. अपघाताच्या भरपाईतही मालकाकडे बोट जातं ते त्याने स्वतःच्या धंद्यासाठी काम दिलं असेल तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि सामाजिक सुरक्षा संहितेत स्वतःच्या राहत्या घराचं ५० लाखांपर्यंतचं बांधकाम वगळलं आहे. तुमचं ३७ चं आहे. खाली दोन गाळे काढून भाड्याने द्यायचा विचार असेल तर मात्र 'राहतं घर' हे म्हणणं तेवढं सोपं राहत नाही, तेव्हा तसं असेल तर मला कळवा. हे झालं कायद्याचं. मी अशिलांना काय सांगतो ते वेगळं: शेवटच्या दोन आठवड्यांची मजुरी खरोखर थकली असेल, माणसं तुमच्या डोळ्यांसमोर राबली असतील, आणि रक्कम दहा-पंधरा हजारांच्या घरात असेल, तर देऊन टाका. मुकादमाच्या हातात नाही, एकेकाच्या हातात, पावतीवर 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता, माणुसकी म्हणून' असं लिहून. काही सहकारी वकील याला नाक मुरडतात. मुरडू द्या.

ठेकेदारावर तुमचा उपाय काय, हेही तुम्ही विचारलंत. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, पण ठाणे अंमलदार 'हे दिवाणी आहे' म्हणेल याची तयारी ठेवा. ३३ लाखांचं काम खरंच उभं दिसत असताना सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवणं जड जातं. माझी पसंती जिल्हा ग्राहक आयोगाला. घरबांधणी ही सेवा आहे, दिलेला मोबदला ५० लाखांच्या आत आहे म्हणजे जिल्हा आयोगाची कक्षा, फी किरकोळ, मुदत दोन वर्षं. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, पण तिथली तारीख कशी पडते ते तुम्हालाही ठाऊक आहे. ही तीन वर्षं उपठेकेदारांनाही काम झाल्यापासून मिळतात. तेव्हा दोन वर्षांनी कुणी 'फक्त एवढं लिहून द्या की बाकी आहे' म्हणत आलं तर लिहून द्यायचं नाही. मुदतीत दिलेल्या लेखी कबुलीने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुकानदाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस येत्या गुरुवारी संपतात. ते संपले म्हणून आभाळ कोसळत नाही, पण उत्तर त्याआधी गेलेलं बरं; गप्प बसणं पुढे कबुलीसारखं वाचलं जातं. त्यासाठी मला चार गोष्टी हव्यात: कराराचं प्रत्येक पान, बँकेचा उतारा, दुकानाच्या बिलांचे फोटो वरच्या नावाच्या ओळीसकट, आणि चलनं. चलनांवर सही कुणाची आहे ते घरात सगळ्यांना विचारा. अण्णांना, वहिनींना, दुपारी घरी असणाऱ्या पोरालाही. आणि माझं उत्तर जाईपर्यंत दुकानदार भेटायला आला तर अण्णांना देवळात पाठवा.